रिपोर्ट टाका

माझ्या साडूंइतका खरं बोलणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात नसेल, आणि त्यांच्याइतका थकवणाराही. मानोऱ्यात विजेच्या मीटरचं रीडिंग घेण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी समाजातल्या सोयरिकींचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, मला न विचारता त्याचा दुसरा अॅडमिन केलं, आणि माझ्या दुपारच्या झोपेची वाट लागली. सोयरिकीत थोडं झाकायचं असतं, ही आपल्याकडची रीतच. साडूंना ती मान्य नाही. कुणी मुलाचा फोटो टाकला की खाली यांची टीप: 'फोटो कॉलेजातला आहे. आता केस विरळ आहेत.' मग मुलाचे वडील शिव्या घालायला फोन करणार, तोही मला. "जरा सांभाळून घ्या ना," मी म्हणायचो. "कायले? लगन झाल्यावर टक्कल दिसत नाई काय?"

खरी भांडणं सिकलसेलवरून. हा रक्ताचा आजार आमच्या भागात पुष्कळ. वाहक माणूस स्वतः ठणठणीत असतो, पण नवरा-बायको दोघंही वाहक असले तर लेकरांना आजार होऊ शकतो. म्हणून रिपोर्टशिवाय बायोडाटा टाकायचा नाही, असा साडूंचा नियम. कुणी पाळेना. तेव्हा त्यांनी आपल्याच मुलीचा बायोडाटा टाकला आणि ठळक लिहिलं, 'मुलगी वाहक आहे.' मेहुणीनं त्यांच्याशी अबोला धरला. येणारी स्थळं थांबली. पोरगी आजारी नाही, हे फोनवर सांगून सांगून मी कंटाळलो.

शेवटी धनजकडचं एक स्थळ आलं. मुलगा शिक्षक, समजूतदार. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, मेहुणीचा अबोला सुटला, साड्यांची बोलणी सुरू झाली. मुलाचा रिपोर्ट तेवढा यायचा होता. तो आला त्या दिवशी मी साडूंकडेच बसलो होतो. मुलाच्या वडिलांनी लिहिलं होतं, 'पोरगा बी वाहक निंगाला. घरचे म्हणत होते, सांगू नका. पण तुमी पोरीचं लपवलं नाई, मंग मले लपवता येईना.'

साडूंनी ते मुलीला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. "बाबा, त्याइले थँक्यू लिहा," एवढंच म्हणाली आणि मेथी तशीच टाकून आत गेली. मला साडूंचा संताप आला आणि त्यांची मायाही आली.

तेवढ्यात ग्रुपवर नवा बायोडाटा पडला, रिपोर्टशिवाय. साडूंनी फोन माझ्यापुढे सरकवला. "भाऊ, आज तुमीच लिहा. माह्यानं होऊन नाई राह्यलं."

या ग्रुपमधून बाहेर पडायचं मी कधीपासून ठरवत होतो. मी चष्मा लावला आणि लिहिलं, 'रिपोर्ट टाका.'