कोपर सुजला आणि मी गोळी घेतली

मित्रांनो, ज्यांच्या घरी पैंजणांचं काम चालतं त्यांनी हे जरूर वाचा.

वर्षभर माझा उजवा कोपर दुखतोय, पैंजणाच्या कड्या जोडायचा चिमटा धरवत नाही. हात गेला तर कामच गेलं. म्हणून आज सकाळी हुपरीहून कोल्हापूरला जाऊन इंजेक्शन घेतलं. माझंच रक्त यंत्रात फिरवून त्यातलं पिवळसर पाणी कोपरात सोडलं. डॉक्टर म्हणाले, "यातल्या प्लेटलेट्स पांढऱ्या पेशींना दुरुस्तीला बोलावतात. आधी सूज वाढेल, मग ओसरेल. सूज उतरवायची गोळी घेऊ नका."

आमच्या कारखान्यात दुपारच्या चहाबरोबर सगळेच अंगदुखीची गोळी घेतात. तीच सूजही उतरवते. आज परतल्यावरही वडिलांनी ती हातावर ठेवली आणि मी सवयीनं गिळली. लक्षात आल्यावर घाबरून फोन लावला.

"एका गोळीनं फार बिघडत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण दुसरी नको."

वडील भडकले. "कोपर भोपळ्यावाणी झालाय आन् गोळी न्हाय? असला कसला डाक्टर हाय रं?"

मी त्यांना पेशींचं सगळं समजावलं. ते म्हणाले, "बोलावल्यात तर येऊ देत की. पर तू रडायचं न्हाईस."

आता कोपर ठणकतोय आणि मी गोळीशिवाय बसलोय. तुमच्यापैकी कुणी हे इंजेक्शन घेतलंय का? सूज किती दिवस राहिली?