पाइप गरम आहे

रायपूर राजधानी झालं तेव्हा साऱ्या शहरात खऱ्या दूरदृष्टीचा माणूस एकच होता: तात्यापाऱ्यातले आमचे शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डकाका. त्यांची दृष्टी स्वयंपाकघरातल्या गीझरपासून न्हाणीतल्या नळापर्यंत, म्हणजे सुमारे वीस फूट जाई. बाहेर रोज कशाचं ना कशाचं उद्घाटन चाललेलं असायचं, लाल दिव्याच्या गाड्या धावायच्या. काका त्या वीस फुटांच्या चिंतेत असायचे. नळ सोडला की आधी पाइपातलं गार पाणी वाया जातं, मग गरम येतं. आणि नळ बंद केला की तेवढंच गरम पाणी पाइपात उगाच निवत बसतं. त्यांच्या मते देशाचा मूळ रोग हाच होता.

घर भरलेलं होतं तेव्हा त्यांनी यावर वेळापत्रक लावलं होतं. पाइप एकदा तापला की काकू, दोन मुलगे, मुलगी आणि शेवटी स्वतः, अशा पाच आंघोळी लागोपाठ. कुणी न्हाणीत गाणं म्हणू लागलं तर काका दाराबाहेर शिटी फुंकत. पाइपाला जुन्या गोधडीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. या घरात सर्वांत उबदार कपडे पाइपाचे, असं काकू म्हणायच्या.

मग मुलगी लग्न होऊन गेली, मुलगे नोकरीला लांब गेले, काकू वारल्या. पाच आंघोळींचा पाइप एकट्यासाठी तापू लागला. धाकटा फोनवर म्हणे, "पापा, बाथरूम में छोटा गीझर लगवा लो ना." काका मला सांगत, "एका माणसाचा गीझर काहून घेऊ, भाऊ? सारे आले म्हंजे?"

राजधानीच्या पहिल्या हिवाळ्यात ते रोज सकाळी आमच्या दाराशी येऊन म्हणत, "पाइप गरम आहे. येता काय आंघोळीले?" गल्लीत लोक चहाला बोलावतात, जेवायला बोलावतात; आंघोळीला बोलावणारे ते पहिलेच. "घरी पाणी आहे, काका," म्हणून मी टाळायचो. "पाणी तं सगळ्याइच्या घरी असते," असं म्हणून ते परत जात.

एका रविवारी मी टॉवेल घेऊन गेलो. काकांनी आधी बसवलं, चहा केला, मग मुलांचे फोटो कपाटातून बाहेर काढले, मग मुलीचं पत्र वाचून दाखवलं. मी न्हाणीकडे पाहिलं की म्हणत, "बसा ना, काय घाई आहे तुमाले?" अखेर आंघोळ करून निघालो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. गीझर सकाळपासून चालूच होता.