फिलीना स्ट्राउड आणि प्रॉम्प्टरचं बोट

फिलीना स्ट्राउड ही युटिका गावातल्या एका पिंपं बनवणाऱ्याची मुलगी. सतराव्या वर्षी ती नाटक कंपनीत पळून गेली आणि पुढच्या पंधरा वर्षांत ओहायो नदीकाठच्या गावागावांत नायिका म्हणून गाजली. मग अठराशे सहासष्टच्या हिवाळ्यात लाल तापाने तिला महिनाभर अंथरुणाला खिळवलं. ताप उतरला, पण कान गेले ते गेलेच.

हे फक्त एकाला ठाऊक होतं, रंगमंचाच्या कोपऱ्यातून नटांना वाक्यं सुचवणाऱ्या म्हाताऱ्या प्रॉम्प्टरला, एझ्रा गोरमला.

"कुणाला बोललात तर बघा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एझ्रा दाढीमिशा सफाचट करून आला. "आता दिसतात ना ओठ?" त्याने सावकाश विचारलं. "मी बोट वर केलं की तुझं वाक्य. तळवा खाली केला की आवाज कमी. कळलं का पोरी?"

सगळ्यांची वाक्यं तोंडपाठ करून तिने दोन वर्षं निभावून नेली. मग लायसँडर पेल हा नवा नायक कंपनीत आला. फिलीनाच्या भूमिका आपल्या बायकोला मिळाव्यात, असा त्याचा डाव होता. तालमीत त्याने तिच्या पाठीमागे पत्र्याचं तबक आपटलं. सगळे दचकले, ती मात्र केस विंचरत राहिली. पेल नुसता हसला.

शनिवारी सिनसिनाटीत दुपारचा खेळ होता. तिसऱ्या अंकात फिलीना पत्नीच्या आणि पेल न्यायाधीश पतीच्या भूमिकेत. पेल चालत पुढे आला, नेमका ती आणि एझ्राचा कोपरा यांच्या मध्ये उभा राहिला आणि तिच्याकडे पाठ करून बोलू लागला.

तिला ना ओठ दिसेनात, ना बोट. तिने प्रेक्षकांकडे पाहिलं. पहिल्या रांगेतल्या बाईचा पंखा थांबला होता. सगळे डोळे तिच्यावर होते. म्हणजे याने काहीतरी विचारलंय. पण काय? नाटकातलंच, की भलतंच?

ती तरातरा पुढे गेली, दोन्ही हातांनी त्याचा जबडा धरला आणि तोंड आपल्याकडे वळवलं.

"माझ्या डोळ्यांत बघून विचार!"

भरल्या थिएटरात पेलला सुटका नव्हती. "तुझ्या भावाने मरताना काय सांगितलं?" त्याने मघाचाच प्रश्न कसाबसा पुन्हा विचारला. हे वाक्य नाटकात कुठेच नव्हतं.

"एवढंच, की पाठीमागून वार करणाऱ्याला भिऊ नकोस."

प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवताना तिला दिसले.

पडदा पडताच पेल मालकाकडे, थर्लोकडे धावला. "ठार बहिरी आहे ती!"

"खरं आहे," त्याचे ओठ वाचून फिलीनाच म्हणाली. "दोन वर्षं झाली."

थर्लो तिच्यासमोर आला. "आणि मी रोज तुझ्या नावाने शंख करतो, तो?"

"एक अक्षर ऐकलं नाही."

थर्लोने हनुवटी खाजवली. मग तो पेलकडे वळला. "सोमवारपासून हिच्याकडे तोंड करून बोलायचं. नाहीतर चालू लागायचं."

ती आणखी नऊ वर्षं नायिका होती. मग एझ्राची नजर अधू झाली, नव्या प्रॉम्प्टरशी तिचं जमेना. एका खेळात ती दोनदा दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलली आणि कुणी सांगायच्या आधी स्वतःच बाजूला झाली. पुढे बहिऱ्या मुलींच्या शाळेत ती नाटक बसवायला लागली. मुली हातांनी भराभरा बोलायच्या आणि हिला वर्षभर ते धड जमलं नाही. तिची बोटं अडखळली की मुली खो खो हसायच्या, आणि नायिकाबाई चिडायच्या.