दाजींचा पोर्ट

तुरुंगाचं नेटवर्क सांभाळणाऱ्या वायरवाल्याचं डोकं कायम तापलेलं असे. कुणी न विचारता कुठे वायर खुपसली की हा अंगावर धावून जाई. एकदा कोठीच्या कारकुनाचं मनगट पिरगाळून त्याने साहेबांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. माणसं ऐकत नाहीत म्हटल्यावर त्याने शेवटी स्विचलाच, म्हणजे सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या डब्यालाच, राखणीला बसवलं. एक स्विच दुसऱ्याला ओळखायला वायरीतून सतत हाका मारतो. जिथे नुसता कॉम्प्युटर असायला हवा तिथून अशी हाक आली, म्हणजे कुणीतरी आगाऊपणा केलाय. मग तो पोर्ट, म्हणजे वायर खुपसायचं ते भोक, तत्काळ बंद. ना वाद, ना विनवणी.

फक्त एका माणसापुढे त्याची मात्रा चालत नसे. ते म्हणजे दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा, भोजनगृहाचे पहारेकरी. वायरवाल्याला ही नोकरी त्यांनीच चिकटवून दिली होती. टीव्ही जोडायला दाजींनी पहाऱ्याच्या खोलीत घरचा जुना स्विच आणला, आणि पोर्ट बंद. पुन्हा जोडला, पुन्हा बंद.

"मेव्हण्या, मलाच चोर समजतोस काय रे?"

"दाजी, नियम सगळ्यांना सारखा."

"बरं. ताईला सांगतो तुझा नियम."

ताईचं नाव निघालं आणि गडी ढेपाळला. त्याने त्या पोर्टची राखण काढलीच, वर त्याला मुकाबहिरा करून ठेवलं: हाक मारायची नाही, ऐकायचीही नाही. दाजींची मॅच सुरळीत चालू झाली.

एका दुपारी टेबल सरकवताना दाजींना स्विचमधून लोंबणारं वायरीचं मोकळं टोक दिसलं. पसारा त्यांना खपत नसे. त्यांनी ते त्याच स्विचच्या रिकाम्या भोकात बसवलं. झालं, वायर गोल झाली आणि निरोप तिच्यात गरगर फिरत वाढत सुटले. अडवणारं कुणी नव्हतं. त्याच नेटवर्कवर चालणारे तुरुंगभरचे कॅमेरे गोठले, भिंतींवरची धोक्याची बटणं मेली.

नेमकी तेव्हाच भोजनगृहात वाढपावरून कैद्यांची जुंपली. एकाने दुसऱ्याच्या तोंडावर लोखंडी ताट हाणलं. दात जमिनीवर सांडले. दाजी सोडवायला धावले, तर घासून टोकदार केलेला चमचा त्यांच्या गालातून आरपार गेला. भिंतीला टेकून त्यांनी लाल बटण दाबलं. दाबतच राहिले. कुणी येत नाही हे कैद्यांच्या ध्यानात आलं, तसा त्यांनी बाकाचा पाय उपटला.

इकडे स्विचच्या खोलीत सगळे दिवे एकदम पिसाळले होते. कुठला पोर्ट, हे वायरवाल्याला शोधावं लागलं नाही. त्याने दाजींच्या पोर्टातली वायर उपटली आणि भोंगा केकाटला. शिपाई पोचले तेव्हा दाजींचा डावा डोळा गेला होता, आणि बोट अजून बटणावर होतं.

दवाखान्यात दाजी बांधलेल्या जबड्यातून कसेबसे बोलले, "वायर मीच लावली रे. साहेबांना सांगू नकोस, नोकरी जाईल."

वायरवाल्याला नुसती मान डोलावून सुटता आलं असतं. तो डोलावणारच होता. तेवढ्यात उशाशी बसलेली ताई म्हणाली, "तू वेळेवर वायर उपटलीस म्हणून हे जिवंत आहेत. तुझे उपकार कसे फेडू?"

हे मात्र त्याला सोसवलं नाही.

"वायर चुकून कुणीही लावतं, दाजी. राखण त्यासाठीच असते. तुमच्या पोर्टची मी काढली होती. असं होऊ शकतं हे मला ठाऊक होतं."

ताई उठली आणि तिने त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसरी. मग मुठी आवळून, त्याचा ओठ फुटेपर्यंत. नर्सने धावत येऊन मागून तिचे हात धरले.

"सोडा तिला," वायरवाला म्हणाला.