जावयाने फोडलेला बांध

सासऱ्यांच्या शेतातल्या अळ्या मी एका सकाळी त्यांच्या धाकट्या भावाच्या शेतात सुखरूप पोचवल्या.

मी अंबरनाथच्या बुवापाड्यात वाढलेला, कारखान्यातला माणूस. सासुरवाडी जांभूळ गावची. सासरे भातावर औषध मारत नाहीत, कारण त्याने खाचरातल्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, मरतात आणि चिंबोऱ्या त्यांना जावयाइतक्याच प्रिय आहेत. (जास्तच असतील.) यंदा भातावर सुरळीतली अळी पडली. ही बया पानाचा तुकडा कापून त्याची सुरळी करते आणि तिच्यात बसून पाण्यावरून या रोपावरून त्या रोपावर जाते. उपाय जुनाच आहे. दोघांनी काथ्याचा दोर दोन टोकांना धरून भातावरून ओढायचा, अळ्या पाण्यात पडल्या की पाणी काढून द्यायचं.

आम्ही दोर ओढला, सुरळ्या तरंगायला लागल्या. "पाणी काढा, मी चहाचं बघतो," म्हणून सासरे घरी गेले. कुठल्या बाजूने, ते सांगितलं नाही. ओढ्याच्या बाजूने, पाणी सुटतं त्या तोंडाशी अळ्या अडवायला मच्छरदाणीचा तुकडा लावून, हे जांभूळात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी आपला जवळचा बांध फोडला. पाणी काय झकास धावलं! मला माझंच कौतुक वाटलं.

खाली काकांचं, म्हणजे सासऱ्यांच्या त्या धाकट्या भावाचं, खाचर होतं. आणि नेमक्या याच बांधावरून दोघा भावांनी कित्येक वर्षं अबोला धरला होता. आमच्या हळदीला काका आपणहून आले, तेव्हा कुठे गाडी 'जेवलास का'पर्यंत आली होती. आपल्या लग्नाने एवढं एकच चांगलं काम केलं, असं बायको म्हणायची. तेही मी फावड्याने वाहवून टाकलं.

काका आले. त्यांनी सुरळ्या पाहिल्या, फुटलेला बांध पाहिला. तेवढ्यात सासरे किटली घेऊन पोचले.

"दादा, बांध तू फोडलास?"

"नाही रे," सासरे खाली बघत म्हणाले, "जावयाने."

काकांनी मला डोक्यापासून चिखलातल्या पायांपर्यंत न्याहाळलं. (जावयाला शिव्या द्यायच्या नाहीत ही रीत ज्याने पाडली, त्याचं भलं होवो.) मग भावाला म्हणाले, "दोर आण."

दोघे भाऊ काकांच्या खाचरात दोराच्या दोन टोकांना लागले. मी ओढ्याकडच्या तोंडाशी मच्छरदाणी धरून चिखलात बसलो. नंतर बांधही त्यांनी मिळून घातला, कुठे घालायचा यावर न भांडता. ते बघून मला खरंच भरून आलं.

आता दोघे रोज संध्याकाळी त्या बांधावर बसून गप्पा मारतात, हसतात. मी दिसलो की मात्र गप्प होतात.