फडक्याला मागचं गेट, खुर्चीला ऑनलाइन

"हाउसकीपिंगवाले मागच्या गेटने जातात."

रिसेप्शनवरची मुलगी मान वर न करता बोलली. माझ्याच वयाची असेल. मी म्हटलं, मी अकाउंट्सच्या जागेसाठी आले आहे. बी.कॉम. आहे. अर्ज आणलाय. फाइल काउंटरवर ठेवली. तिने ती दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवली. आणि मग बघितलं माझ्याकडे. आधी चपला, मग ड्रेस, मग तोंड.

"कागद घेत नाही आम्ही. ऑनलाइन अप्लाय करा."

"केलंय. दूध उतू जायच्या आत नकार आला. कोणी वाचलाच नाहीये तो."

"मग झालं ना," ती म्हणाली.

सिक्युरिटीवाल्याने दार उघडून धरलं. मी बाहेर. लोअर परळची ती काचेची इमारत. काचेत मला मीच दिसत होते, इस्त्रीचा ड्रेस, हातात फाइल, आणि फाइलमध्ये सगळी ओरिजिनल सर्टिफिकेटं. ओरिजिनल! कोणी मागितली नव्हती. बाबांनी सोबत न्यायला लावली होती.

बस स्टॉपकडे जाताना इमारतीला वळसा पडतो. मागच्या गेटवर बायकांची रांग होती. एक सुपरवायझर एकेकीचं तोंड बघत होता, नाव विचारत होता, आणि म्हणत होता, "कल से आ जाओ." एवढंच. ना लिंक, ना पासवर्ड. रांगेतली एक मावशी मला म्हणाली, "हय उभी रव गो, आज घेतत हत." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मीच जागच्या जागी थिजले. म्हणजे ही कंपनी माणसं समोर बघून घेते तर! फडकं मारायला घेते. खुर्चीवर बसायचं असेल तर मात्र तोंड दाखवायचं नाही.

आम्ही लालबागचे. बाबा तरुणपणी गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे पक्की नोकरी नाही. सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी खाडा केला की मुकादम गर्दीतून एकाला बोटाने आत बोलवायचा. ती गिरणी गेली, पण घरात तो धर्म राहिला. "घरात बसून काम येत नाही, बाय. तोंड दाखवायला लागतं." त्या दिवशी निघताना आईने हातावर दही ठेवलं होतं. ती मिरची-मसाला कुटायच्या डंकावर कामाला आहे. तिच्या हातचं दहीसुद्धा तिखट लागतं.

आता आदितीबद्दल. आदिती माझी कॉलेजातली मैत्रीण. तीन वर्षं एका बाकावर बसलो. ती दादरची, शिवाजी पार्कच्या मागची. मी तिच्यावर जळते. हे गोड करून सांगायचं मला काही कारण नाही. तिला स्वतःची खोली आहे, खोलीला दार आहे, दाराला आतून कडी आहे. लॅपटॉपला टेबल आहे. मी चाळीच्या गॅलरीत उभी राहून मोबाइलवर अर्ज भरते, कारण रेंज तिथेच येते, आणि मागून कोणीतरी विचारतंच, "लागली का कुठे?" पण या सगळ्यापेक्षा तिच्या बिनधास्तपणाने माझ्या पोटात जास्त दुखतं. ही जागा निघाल्याचं तिनेच मला सांगितलं. "दोघी टाकू या गं, मज्जा येईल," म्हणाली. मज्जा! आणि वर ती स्वभावाने चांगली. वाईट असती तर निदान सुखाने द्वेष करता आला असता.

गणपतीत तिच्या घरी दर्शनाला गेले. दरवर्षी जाते. दरवर्षी तिची आई, म्हणजे काकू, मला हाताशी घेतात. चार वाट्या पुसायच्या, पानं मांडायची. मैत्रिणीचं घर म्हणून मीही करायचे. त्या दिवशी हॉलमध्ये तिच्या बाबांच्या ओळखीचे एक साहेब बसले होते. काकूंनी मोदकांचं ताट माझ्या हातात दिलं. "तू जरा हे बाहेर फिरव गं. आदितीला पाहुण्यांजवळ बसू दे."

मी ताट घेऊन गेले. साहेब आदितीशी बोलत होते.

"काय मग, सोमवारी जॉइन होतेस ना?"

"अहो, अर्ज तरी भरू दे तिला," आदितीचे बाबा हसले.

"तो काय, नंतर भरेल. एचआर लिंक पाठवेल."

कंपनीचं नाव निघालं. तीच काचेची इमारत. तीच जागा. आदितीने सोफ्यावरून माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. म्हणजे तिला माहीत होतं. मला नकार यायच्या आधी की नंतर, कुणास ठाऊक. तिलाही प्रत्यक्ष बघूनच घेतलं होतं. फक्त तिच्याच घरात, तिच्याच सोफ्यावर, आरतीनंतर.

साहेबांनी माझ्याकडे न बघता ताटातला मोदक उचलला. "पाणी आण गं जरा." मग काकूंना म्हणाले, "नवीन का ही?"

"गणपतीत येते आमच्याकडे मदतीला," काकू म्हणाल्या. किती सहज! खोटं बोलल्यासारखंसुद्धा नाही. मी थांबले. आदिती काहीतरी बोलेल असं वाटलं. तीन वर्षं एका बाकावर. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"बरं आहे," साहेब म्हणाले. "हल्ली चांगली माणसं मिळत नाहीत."

अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी ताट टीपॉयवर ठेवलं.

"मी मदतीला येत नाही. मी आदितीच्या वर्गातली आहे. बी.कॉम. याच जागेसाठी तुमच्या ऑफिसात आले होते. मला मागच्या गेटने जा म्हणाले."

साहेब दचकले, मग समजावल्यासारखं हसले. "अगं, मग ऑनलाइन अप्लाय कर ना."

"आदितीने केलंय?"

मी चपला घातल्या. मागून काकूंचा आवाज आला, "सणाच्या दिवशी शोभतं का हे?"

विसर्जन झाल्यावर आदितीचा फोन आला. आवाज रडवेला. "आई खूप दुखावलीय गं. तू फक्त एकदा येऊन सॉरी म्हण. त्या दिवशीचे ते काका म्हणालेत, तुझंही बघतील. अजून एक जागा आहे."

खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पक्की नोकरी. एसी. गळ्यात आयकार्डाचा पट्टा. आईला डंकावरून सोडवता आलं असतं. तिचा खोकला आता डंकावरही थांबत नाही आणि घरी आल्यावरही. मी घरी सांगितलं. आई म्हणाली, "म्हण ना बाय. सॉरी म्हणून काय तोंड झिजतं?"

बाबा म्हणाले, "आमी काय नुसते गेटवर उभे रवायचो? मुकादम येताना दिसला की वाकून नमस्कार. त्याच्या घरचं लगीन असलं की पाणी भरायला आमीच. तेव्हा कुठं बोट करायचा. तू पण वाक जरा."

हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांचं तोंड बघून घ्यायचे. त्यांची वाकलेली पाठ बघून घेत होते. बाबा हे रागाने सांगत नव्हते. शहाणपण म्हणून सांगत होते, घरचा वारसा द्यावा तसं. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. मुकादमाचा, साहेबांचा, आणि थोडा बाबांचासुद्धा.

मी गॅलरीत जाऊन आदितीला फोन लावला.

"जागा मला हवी आहे. तुझ्याइतकीच हवी आहे. सॉरी म्हणणार नाही. सॉरी तुझ्या आईने म्हणायचं आहे. आणि तू."

"अगं, पण त्यात एवढं काय झालं?"

तिला खरंच कळलं नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे ती कुठून शिकणार? मी फोन ठेवला. ती दुसरी जागाही गेली, दुसऱ्याच कोणाच्या तरी मुलीला.

आदिती आता तिथे रोज जाते. तिचे फोटो दिसतात, काचेला टेकून, हातात कॉफी. मी जळते. मोठ्या मनाची व्हायची मला घाई नाही. हेवा वाईट म्हणतात, पण कोण म्हणतं ते बघा. ज्यांच्याकडे सगळं आहे तेच. माझ्या हेव्याने मला एक गोष्ट नीट दाखवली, की ती जागा माझीही होती.

ती मी मागणार. समोर जाऊन मागेन, ऑनलाइन मागेन, नकार आला की परत मागेन. नोकरी मागेन. माफी नाही.