चार हजार शब्दांवर अडलेली डिस्क

प्रफुल्लनं आजवर शेकडो लग्नांचे व्हिडिओ काढले आणि एकही बुडवला नाही, त्यामुळे स्वतःच्या हाताचा त्याला भारी अभिमान. नवी डिस्क आली की संगणकाच्या लिनक्स प्रणालीवर तिची फाइलसिस्टिम, म्हणजे फायली ठेवायची मांडणी, तयार करताना तो मोठ्या फायलींसाठीचा पर्याय डोळे मिटून निवडायचा. लग्नाची एकेक फाइल अगडबंब, त्यामुळे कधी अडलं नाही.

थळजवळच्या त्याच्या गावातल्या बुद्धविहाराच्या वाचनालयासाठी तो दोन वर्षं आईचे, म्हणजे कमळाबाईंचे शब्द रेकॉर्ड करत होता. शेताचे, चुलीचे, मासळीचे जुने शब्द. एक शब्द, एक इवलीशी फाइल. रविवारी ते मुलांना ऐकवायचे होते. शुक्रवारी दुपारी कमळाबाई अगदी रंगात आल्या आणि पडद्यावर आलं, जागा संपली.

"व्हय, माझं बोलणं त्याला जड झालं," म्हणत त्या पदर झटकून उठल्या. चौऱ्याऐंशीव्या वर्षी आपलं कुणी ऐकून घेतंय याचंच त्यांना अप्रूप होतं. प्रफुल्लला फार वाईट वाटलं.

त्यानं बघितलं तर डिस्क जवळजवळ सगळी रिकामी. मग आयनोड, म्हणजे फायलींच्या नोंदींचे रकाने, मोजले आणि कपाळावर हात मारला. फाइल लहान असो की मोठी, तिला एक आयनोड लागतोच, आणि एकूण किती ते फाइलसिस्टिम तयार करतानाच ठरतं. त्याच्या लाडक्या पर्यायानं जेमतेम चार हजार ठेवले होते. जयंतीच्या जेवणात भात टोपभर उरावा आणि पत्रावळी संपाव्यात, तशी गत.

त्यानं सगळे शब्द दुसरीकडे उतरवले, वाजवून पाहिले आणि फाइलसिस्टिम नव्यानं केली. या खेपेला शहाणपणा नाही. एकही पर्याय न देता एंटर दाबलं. साडेनऊ लाखांवर आयनोड मिळाले. बापड्या लिनक्सला हे आधीपासून ठाऊक होतं, यालाच मध्ये लुडबुड करायची होती.

शब्द परत भरून त्यानं आईपुढे चूक कबूल केली. साडेनऊ लाखांचा आकडा ऐकून कमळाबाई पोट धरून हसल्या.

"येवढं मला एकटीला न्हाय जमायचं रे."

शेजारच्या वेणूबाईंशी बांधावरच्या भांडणापासून त्यांचा तीन वर्षं अबोला होता. कमळाबाई उठून खिडकीशी गेल्या.

"वेणू, ये गं," त्यांनी हाक मारली. "तुझ्या शब्दांना पन जागा हाय."